विभक्त्यांचे तक्ते पाठ आहेत, पण वाक्यात रूप येत नाही. हे नक्की चालतं कसं?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. रशियन शिकायला घेतली आहे. लिपी झाली, उच्चार बऱ्यापैकी बसले आणि आता नामांच्या विभक्त्यांपाशी येऊन घोडं अडलंय. सहा विभक्त्या, तीन लिंगं, दोन वचनं इथपर्यंत ठीक आहे, पण एकाच लिंगाच्या दोन शब्दांचे तक्ते वेगळे, त्यात एकाच तक्त्यात दोन-तीन खणांत सेम रूप, आणि काही शब्दांचा तर मधला स्वरच गायब होतो. शाळेत संस्कृतला रामः रामौ रामाः केलं होतं, ते आजही धडाधड म्हणता येतं, पण "मुलगा मित्राबरोबर गावाला जातो" एवढं साधं वाक्य करायला सांगितलं की तेव्हाही पेन थांबायचं आणि आता रशियनमध्येही तेच होतंय. तक्ता येतो, वाक्य येत नाही.

तर विचारायचं असं की, या विभक्त्यांमागे काही लॉजिक असतं का की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायचा, आणि एवढे वेगवेगळे तक्ते मुळात कशाला, सगळ्या नामांना एकच प्रत्यय का नाही लावत? आपल्याकडे कसं ला लावलं की झालं. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

अर्धविराम:

चांगला प्रश्न आहे, आणि तुमची अडचण कुठे आहे ते तुमच्याच शेवटच्या दोन ओळींत दिसतंय. विभक्तीत दोन वेगळी कामं असतात आणि शिकवताना ती एकत्र कालवली जातात. पहिलं काम म्हणजे या वाक्यात या नामाला कुठली विभक्ती लागणार हे ठरवणं, आणि ते नाम ठरवतच नाही, ते क्रियापद ठरवतं नाहीतर सोबतचं शब्दयोगी किंवा अव्यय ठरवतं. दुसरं काम म्हणजे ती विभक्ती या विशिष्ट नामाला लागली की रूप कसं दिसेल, आणि ते नाम कुठल्या गटातलं आहे त्यावर ठरतं. तक्त्यात फक्त दुसरं काम असतं. पहिल्याबद्दल तक्ता अवाक्षर काढत नाही, त्यामुळे कितीही पाठ केला तरी वाक्यात हात चालत नाही.

तुमचंच वाक्य घ्या. संस्कृतमध्ये बालकः मित्रेण सह ग्रामं गच्छति. मित्राला तृतीया का, तर सह आला म्हणून. ग्रामाला द्वितीया का, तर जाण्याची क्रिया जिथे पोचते ते कर्म धरतात म्हणून. आता रशियन बघा, माल्चिक इद्योत स द्रूगोम व द्येरेव्न्यू. स म्हणजे बरोबर, त्याच्यापुढे तृतीयाच, द्रूग चं द्रूगोम. व म्हणजे आत किंवा कडे, आणि जायचं असल्यामुळे द्वितीया, द्येरेव्न्या चं द्येरेव्न्यू. दोन भाषांत हजारो वर्षांचं अंतर आहे तरी कुठे कुठली विभक्ती हा हिशोब जवळजवळ तोच. बदललंय ते फक्त रूप.

आता "ला लावलं की झालं" याबद्दल. नाही हो होत तेवढ्यावर. घोडा चं घोडाला होत नाही, घोड्याला होतं. भाऊ चं भावाला, गहू चं गव्हाला, पाखरू चं पाखराला, माळी चं माळ्याला पण कवी चं कवीला. हे आपल्याला कुणी बसून शिकवलेलं नसतं म्हणून ते आहे हेच जाणवत नाही. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात, परीक्षेपुरतं करतो आणि सोडून देतो, पण परभाषेतल्या विभक्त्या समजायच्या असतील तर आपल्या हाताशी याच्याइतकी चांगली किल्ली दुसरी नाही.

एक गंमत करून बघा. भिंत आणि जीभ. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनान्त उच्चाराचे, दिसायला अगदी एका साच्यातले. ला लावा. भिंतीला, पण जिभेला. जिभीला कुणी म्हणत नाही, भिंतेला कुणी म्हणत नाही. का? अनेकवचन करून बघा म्हणजे उलगडेल, भिंती आणि जिभा. ज्यांचं अनेकवचन ई त जातं त्यांचं सामान्यरूप ई त, विहीर विहिरी विहिरीला, म्हैस म्हशी म्हशीला. ज्यांचं आ त जातं त्यांचं ए त, वीट विटा विटेला, सून सुना सुनेला, माळ माळा माळेला. म्हणजे मराठीत स्त्रीलिंगी नामांचे चक्क दोन गट आहेत आणि मूळ शब्द नुसता बघून गट कळत नाही, दुसरं एक रूप माहीत असावं लागतं.

आणि हे गट आले कुठून? संस्कृतात तो जिह्वा होता, इष्टका होती, स्नुषा होती, माला होती, सगळे आकारान्त. आणि भित्ति, महिषी हे इ-ईकारान्त. शेवटचे स्वर बोलण्यात झिजून गेले, शब्द दिसायला सारखे झाले, पण प्रत्यय लावायची वेळ आली की जुना स्वर परत डोकं वर काढतो. तुम्ही विचारलंत ना एवढे तक्ते कशाला, त्याचं उत्तर हेच आहे. मुळात प्रत्यय बरेचसे सारखेच होते, शब्दाचा शेवट वेगवेगळा होता, दोघं एकमेकांत मिसळले, वितळले आणि प्रत्येक शेवटाप्रमाणे मिश्रण वेगळं झालं. कुणी बसून पाच तक्ते रचले नाहीत.

लॅटिनच्या डिक्शनरीत म्हणूनच प्रत्येक नामाची दोन रूपं छापतात, प्रथमा आणि षष्ठी. राजा म्हणजे रेक्स, षष्ठी रेगिस. रेक्स वरून काहीच कळत नाही, रेगिस वरून कळतं की मूळ अंग रेग् आहे आणि पुढची सगळी रूपं त्याच्यावर उभी करायची. संस्कृत कोशात उलटी पद्धत, तिथे अंगच देतात, राजन्. आणि मग राजा, राजानम्, राज्ञा, राजभिः अशी त्याची रूपं होतात. तेव्हा नवा शब्द वहीत लिहाल तेव्हा एकटा लिहू नका, षष्ठी एकवचन आणि लिंग सोबत लिहा.

वाळूघड्याळ:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त एका ठिकाणी थोडा मतभेद नोंदवतो. मराठीचं सामान्यरूप हे उदाहरण उत्तम आहे, पण मराठीच्या ला ने चा ना संस्कृत-रशियनच्या विभक्तीप्रत्ययांच्या पंक्तीला बसवू नये असं मला वाटतं. शाळेतला आठ विभक्त्यांचा मराठी तक्ता संस्कृतच्या साच्यावर बेतलेला आहे, त्यात द्वितीया आणि चतुर्थीला तेच प्रत्यय दोनदा लिहावे लागतात हे त्याचंच लक्षण आहे.

फरक तपासायची सोपी परीक्षा आहे. "आई आणि बाबांना सांग" हे मराठीत चालतं, एकच ना दोघांना पुरतो. संस्कृतात किंवा रशियनमध्ये असं चालणारच नाही, प्रत्येक नामाने आपली विभक्ती स्वतःच्या अंगावर घ्यायची. विशेषणाचंही तेच. "मोठ्या मुलाला" मध्ये ला एकदाच येतो, विशेषण फक्त सामान्यरूपात जातं, आणि "हुशार मुलाला" मध्ये तर तेही नाही. पण संस्कृतात ज्येष्ठेन पुत्रेण, ज्येष्ठाय पुत्राय, दोघांनी सगळी विभक्ती घ्यायची. पाटीपेन्सिल, रशियनमध्ये विशेषणांच्या तक्त्यापाशी पोचलात की हे आठवेल.

माझ्या मते मराठीत खरी विभक्तिरूपं दोनच, सरळरूप आणि सामान्यरूप, आणि त्याच्यापुढे जोडायचे प्रत्यय हे नंतर येऊन चिकटलेले. ते सामान्यरूप तरी कुठून आलं बघा. देवस्य, प्राकृतात देवस्स, मग देवास, आणि शेवटचा स झडून देवा. म्हणजे "देवाला" मधला जो आ आहे ना तो जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. प्राकृतातच चतुर्थीचं बहुतेक काम षष्ठीने उचललं होतं, म्हणून "देवास दिले" मधला स देण्याच्या अर्थाने टिकला.

थोडी खरीखुरी जुनी रूपं अजून जिवंत आहेत, घरी, दारी, सकाळी, रात्री. ती शब्दागणिक ठरलेली आहेत. घरी म्हणतो पण कपाटी म्हणत नाही, कपाटातच म्हणावं लागतं. विभक्तीव्यवस्था ओसरताना अशीच थोडी थोडी रूपं मागे राहतात. लॅटिनमध्येही सप्तमी गेली होती तरी दोमी म्हणजे घरी आणि रोमे म्हणजे रोममध्ये, अशी मोजकी रूपं टिकून होती.

अर्धविराम:

@वाळूघड्याळ, मान्य. मी साम्य दाखवत होतो ते गटांचं होतं, ला चं नव्हतं. तुमची "आई आणि बाबांना" वाली परीक्षा चांगली आहे, कुणालाही पटेल.

यालाच जोडून एक सांगतो, कारण "सगळ्यांना एकच प्रत्यय का नाही" हा प्रश्न अर्धा राहिला. अशा भाषा आहेत. फिनिशमध्ये तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोइस्सा घरांत. मधला इ अनेकवचनाचा, स्सा हा "आत" चा, दोन्ही वेगळे काढून दाखवता येतात. तिथे विभक्त्या १५ मोजतात आणि लोक आकडा ऐकूनच घाबरतात, पण एकदा प्रत्यय कळला की तो बहुतेक सगळ्या नामांना जवळजवळ तसाच लागतो, अंगात थोडेफार बदल होतात तेवढेच. रशियनमध्ये आकडा सहाच आहे पण प्रत्यय फोडता येत नाही. क्नीगा म्हणजे पुस्तक, द्वितीयेत क्नीगू. या ऊ मध्ये एकवचनही आहे, द्वितीयाही आहे आणि हा शब्द आ-कारान्त गटातला आहे ही माहितीही आहे, तिन्ही एका स्वरात. आणि तोच ऊ स्तोल म्हणजे टेबल याला लागला की स्तोलू, ती होते चतुर्थी. म्हणजे नुसता ऊ ऐकून काहीही ठरत नाही, शब्दाचा गट माहीत असेल तरच ठरतं. म्हणून भाषा किती अवघड हे विभक्त्यांच्या आकड्यावरून ठरवू नये.

मराठी मधेच कुठेतरी उभी आहे. घरात आणि घरांत हे फिनिशसारखं फोडता येतं, पण मुलाला मुलांना मध्ये अनेकवचन होताना ला चाच ना झाला.

नीलमोहर:

मी रशियन शिकवते, त्यामुळे थोडं वर्गातलं सांगते.

पहिली गोष्ट, विभक्ती नामाबरोबर पाठ करू नका, क्रियापदाबरोबर करा. आपण मराठीत काय करतो बघा ना, मित्राला भेटतो, मित्राशी बोलतो, मित्रावर रागावतो, मित्राकडे मागतो. भेटणे ला ला च का आणि बोलणे ला शी च का, याचं कारण कुणी सांगू शकेल? ते त्या क्रियापदाच्या अंगाला चिकटून येतं. तसंच रशियनमध्ये पमगात म्हणजे मदत करणे, त्याला चतुर्थी, ब्रातू म्हणजे भावाला. मराठी माणसाला हे सोपं जातं, ज्यांच्या भाषेत ला नाही त्यांना फार जड जातं. पण बयात्सा म्हणजे घाबरणे, त्याला षष्ठी लागते, तिथे आपल्या मुलांची गाडी रुळावरून घसरते कारण मराठीत "कुत्र्याला घाबरतो". तिथे मी संस्कृत आठवायला सांगते, चोरात् बिभेति, पंचमी. स्लाव्हिक भाषांत पंचमी षष्ठीत मिसळून गेली, ज्या नामांची षष्ठी आज आ त आहे तो आ मुळात पंचमीचाच आहे. म्हणजे भीतीला षष्ठी हे वरवर विचित्र, आतून संस्कृतसारखंच.

दुसरं, जागा आणि गती. मराठीत शाळेत आहे आणि शाळेत गेला, दोन्हीकडे शाळेत. रशियन इथे फरक करते. या व श्कोले, मी शाळेत आहे. इदू व श्कोलू, मी शाळेत जातोय. आधीचा व तोच, विभक्ती वेगळी. जर्मनमध्ये हेच, इन देअर शूले म्हणजे आत असणं, इन दी शूले म्हणजे आत जाणं. लॅटिनमध्येही इन नंतर जायचं असेल तर द्वितीया. संस्कृतात विद्यालये अस्ति पण विद्यालयं गच्छति. "जिथे जायचं ते द्वितीयेत" एवढं एक सूत्र मनात पक्कं केलं तर चारही भाषांत कामाला येतं.

काही गोष्टी मात्र सरळ म्हणून दाखवता येत नाहीत, त्या वापरूनच बसतात. उदा. "तो शिक्षक म्हणून काम करतो" यात रशियनमध्ये शिक्षक तृतीयेत जातो, उचीतेल्येम. मराठीत शिक्षकाने काम केलं म्हणजे वेगळंच काहीतरी.

आणि मधला स्वर गायब होण्याबद्दल तुम्ही लिहिलंय. द्येन म्हणजे दिवस, षष्ठी द्न्या, तेच ना? माणूस माणसाला, कापूस कापसाचा, बेडूक बेडकाला, लाकूड लाकडावर. शेवटी काहीतरी जोडलं की मधला स्वर पडतो. तुम्ही हे दिवसभर करताच.

पाटीपेन्सिल:

बापरे, भिंतीला-जिभेला वाचून पाच मिनिटं नुसते शब्द आठवत बसलो होतो. चिंच चिंचा चिंचेला, पण काठ्या... नाही, काठी आधीच ई. कात चं काय होईल? असो, लागलं वेड.

आता एक शंका. द्वितीयेत स्तोल चं स्तोलच राहतं, म्हणजे "मी टेबल पाहतो" मध्ये काहीच बदल नाही, पण "मी विद्यार्थी पाहतो" मध्ये स्तुद्येन्त चं स्तुद्येन्ता होतं आणि ते तर षष्ठीचं रूप आहे. पुस्तकात "सजीव असेल तर षष्ठीप्रमाणे" एवढं एक वाक्य आहे. सजीव-निर्जीव असा भेद व्याकरणात कसा काय घुसला?

नीलमोहर:

तुम्ही शंका लिहिताना "मी विद्यार्थी पाहतो" लिहिलंत खरं, पण सहज बोलताना काय म्हणाल? मी टेबल पाहिलं. मी मुलाला पाहिलं. दगड उचलला, पण बाळाला उचललं. मराठीतही सजीव कर्म असलं, विशेषतः माणूस असला, की ला लागतो आणि निर्जीव असलं की बहुतेक वेळा नाही. भेद तोच आहे, साधन वेगळं आहे.

रशियनमध्ये तो का आला त्याचं कारण सुंदर आहे. संस्कृतात रामः आणि रामम्, म्हणजे करणारा कोण आणि ज्याच्यावर क्रिया झाली तो कोण हे स्पष्ट. स्लाव्हिकमध्ये पुल्लिंगी शब्दांचे हे दोन्ही शेवट झिजून सारखेच झाले, प्रथमा-द्वितीयेत फरक उरला नाही. टेबलाच्या बाबतीत अडत नाही, टेबल काही माणसाला पाहणार नाही. पण भाऊ आणि मित्र दोघंही वाक्यात आले तर कुणी कुणाला पाहिलं? म्हणून सजीवांसाठी षष्ठीचं रूप उसनं घेतलं. आणि स्त्रीलिंगी क्नीगा-क्नीगू मध्ये फरक शाबूत होता म्हणून तिथे एकवचनात ही भानगडच नाही. गरज जिथे होती तिथेच दुरुस्ती झाली.

काठावरचा:

मी संस्कृतवाला, रशियन येत नाही, पण "एकाच तक्त्यात सेम रूप" या मुद्द्यावर लिहितो कारण मुलांना याचीच भीती वाटते आणि खरं तर ती सवलत आहे.

राम चा तक्ता आठ ओळी तीन वचनं, २४ खण. पण वेगळी रूपं मोजा, फक्त १७ भरतात. द्विवचनात तर सगळ्या आठ ओळींत मिळून तीनच, रामौ, रामाभ्याम्, रामयोः. चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन एकच, रामेभ्यः. फल घेतलंत तर १४, कारण नपुंसकलिंगात प्रथमा-द्वितीया एकच. हा नपुंसकाचा नियम लॅटिन, ग्रीक, रशियन, जर्मन सगळीकडे पाळला जातो असं वाचलं आणि पडताळूनही पाहिलं, फलम् फलम्, लॅटिन बेल्लुम बेल्लुम, रशियन अक्नो अक्नो. ही नामं बहुतेक वस्तूंची, वाक्यात कर्ता बनून कुणावर काही करायची वेळ त्यांच्यावर कमी येते, त्यामुळे फरक ठेवायची निकडच नव्हती.

पाणिनीने नामाचे मूळ प्रत्यय २१ सांगितलेत, सात विभक्त्या गुणिले तीन, आणि संबोधन वेगळं न धरता प्रथमेतच घेतलंय. अकारान्त असो, नकारान्त असो, सुरुवात याच २१ पासून, आणि मग अंगाच्या शेवटाप्रमाणे कुठे काय बदलायचं ते नियम. अर्धविराम यांनी वर म्हटलं तेच, प्रत्यय एक, मिश्रणं अनेक. तसंच कारकं, म्हणजे नामाची क्रियेशी असलेली नाती (कर्ता, कर्म वगैरे), वेगळी आणि विभक्त्या वेगळ्या ठेवल्यात. कारकं सहाच, षष्ठी त्यात नाही, कारण "रामाचं पुस्तक" मध्ये रामाचं नातं पुस्तकाशी आहे, क्रियेशी नाही. ज्यांना तक्ता येतो पण वाक्य येत नाही त्यांनी आधी वाक्यातली कारकं ओळखायचा सराव करावा, कागदावर मराठी वाक्य लिहून प्रत्येक नामाचं क्रियेशी नातं काय ते खाली लिहायचं, रूप मागाहून.

वाळूघड्याळ:

@काठावरचा यांच्या यादीत भर. अनेकवचनात रशियन फार उदार आहे. चतुर्थी तृतीया सप्तमीला तिन्ही लिंगांत एकच शेवट, स्तोलाम स्तोलामी स्तोलाख, क्नीगाम क्नीगामी क्नीगाख. आणि तो ख म्हणजे संस्कृतातला सप्तमीचा सु आहे बरं का, मालासु मधला. आधी अनेकवचन पक्कं करा, आत्मविश्वास येतो.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रियापदं विभक्तीसकट लिहायला सुरुवात केली आहे. एक शेवटचं विचारतो. द्वा स्तोला म्हणजे दोन टेबलं, इथे एकवचनाची षष्ठी. प्यात स्तोलोव म्हणजे पाच टेबलं, इथे अनेकवचनाची षष्ठी. दोन, तीन, चारला एक आणि पाचपासून दुसरं, हे कुठलं गणित?

अर्धविराम:

पाचचं आधी सांगतो, ते सोपं आहे. जुन्या स्लाव्हिकमध्ये पाच आणि पुढचे आकडे ही नामं होती, म्हणजे "टेबलांचं पंचक" अशी रचना. पंचक कुणाचं, टेबलांचं, म्हणून अनेकवचनाची षष्ठी. आपण "डझन" नाम म्हणून वापरतो तसं.

दोनचं मात्र तुम्हाला शाळेतच येऊन गेलंय. तो स्तोला मुळात षष्ठी नव्हताच, ते द्विवचन होतं, रामौ सारखं. द्विवचन भाषेतून गेलं, पण दोनच्या मागे त्याचं रूप राहिलं, ते दिसायला षष्ठी एकवचनासारखं होतं म्हणून लोकांनी ते षष्ठीच समजून वापरायला सुरुवात केली आणि तीन-चारलाही तेच लावलं. स्त्रीलिंगी शब्दांनाही मग सरळ षष्ठी लागली, द्वे क्नीगी.